वकिलीची सनद, धर्मशास्त्राचे खंड आणि कुलगुरूंची खुर्ची : वाचकांचे प्रश्न

‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चे लेखक महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्याविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. काही पत्रे मुळात ‘आज असे करिअर करता येईल का?’ असे विचारणारी आहेत. त्यांची उत्तरेही याच ओघात दिली आहेत.

काण्यांच्या नावामागे कुलगुरू, खासदार, राष्ट्रीय प्राध्यापक, भारतरत्न असे इतके काही लागते, की त्यांचा चरितार्थाचा व्यवसाय कोणता हेच कळत नाही. क्रमवार सांगाल का? – दापोली

व्यवसाय वकिलीचा. बाकीचे त्याच्या आगेमागे आले.

जन्म १८८० चा, चिपळूणजवळचा. वडील दापोलीला वकील, त्यामुळे शाळा तिथेच झाली. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजातून १९०१ मध्ये बी.ए. आणि १९०३ मध्ये एम.ए. १९०४ पासून सरकारी शाळेत शिक्षक, आधी रत्नागिरीला आणि मग मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात. याच काळात कायद्याच्या परीक्षाही चालू होत्या. १९११ मध्ये सरकारी नोकरी सोडून त्यांनी उच्च न्यायालयात वकिली सुरू केली आणि १९१२ मध्ये एलएल.एम. झाले. १९१७ ते १९२३ सरकारी विधी महाविद्यालयात कायद्याचे प्राध्यापक होते. १९४७ ते १९४९ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. १९५३ मध्ये राज्यसभेवर राष्ट्रपतिनियुक्त सदस्य, १९५९ मध्ये राष्ट्रीय प्राध्यापक, १९६३ मध्ये भारतरत्न. १९७२ मध्ये निधन.

या यादीत ज्यामुळे त्यांचे नाव टिकले ते काम दिसतच नाही. ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चा पहिला खंड १९३० मध्ये आला आणि शेवटचा १९६२ मध्ये. म्हणजे पन्नासाव्या वर्षापासून ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत साडेसहा हजारांहून जास्त पाने, सरासरी वर्षाला दोनशे. यातली बहुतेक वर्षे कुठल्याही विद्यापीठाचा पगार नसताना गेली. कुलगुरूपद हा त्या बत्तीस वर्षांतला दोन वर्षांचा मुक्काम, एवढेच त्याचे माप.

वकिली आणि संशोधन या दोन वेगळ्या वाटा होत्या असे मात्र समजू नये. तेव्हा हिंदूंचा वारसा, दत्तक, वाटणी यांचे खटले धर्मशास्त्राच्या ग्रंथांवर चालत. मुंबई इलाख्यात मिताक्षरा, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरची विज्ञानेश्वरांची टीका, प्रमाण मानली जाई. पण गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण इथे मिताक्षरा आणि नीलकंठभट्टांचा न्यायव्यवहारावरचा ग्रंथ व्यवहारमयूख यांत मतभेद असेल तर मयूखाला झुकते माप मिळे. त्यामुळे मयूखातला एखादा पाठ चुकीचा छापलेला असेल तर त्याचा परिणाम थेट कुणाच्या तरी घरादारावर होई. काण्यांनी व्यवहारमयूखाची चिकित्सित (हस्तलिखिते ताडून केलेली) आवृत्ती १९२६ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेतर्फे काढली ती या गरजेतून. तिला जोडायची प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राचा इतिहास लिहायला घेतला, तो आवरेना, आणि मग वेगळा ग्रंथ करावा लागला.

दापोलीच्या वाचकांसाठी एक जोड : हाच मयूख १८८० मध्ये इंग्रजी भाषांतरासह छापणारे विश्वनाथ नारायण मंडलिक तुमच्याच तालुक्यातल्या मुरूडचे, आणि तेही वकीलच. त्यांच्या नावाचे सुवर्णपदक पुढे काण्यांनी मिळवले.

‘डॉ. काणे’ असे सर्रास लिहिले जाते. त्यांची पीएच.डी. कुठली? – अंबरनाथ

पीएच.डी. नव्हती. परीक्षा देऊन मिळवलेल्या पदव्या एम.ए. आणि एलएल.एम. ‘डॉक्टर’ आले ते मानद पदवीमुळे. महामहोपाध्याय ही पदवी सरकारने १९४२ मध्ये दिली.

ग्रंथ पाच खंडांचा म्हणतात, ग्रंथालयात मात्र आठ पुस्तके दिसली. नेमके काय? शिवाय मला फक्त श्राद्ध आणि आशौच यांवरचा भाग वाचायचा आहे. सगळे चाळावे लागेल का? – सातारा

खंड पाचच आहेत, पुस्तके जास्त. पहिल्या आवृत्तीत दुसरा आणि पाचवा खंड प्रत्येकी दोन भागांत होता, म्हणून पुस्तके सात. पुढे पहिल्या खंडाची सुधारून वाढवलेली आवृत्ती दोन भागांत निघाली (१९६८ आणि १९७५), म्हणून आठ.

कशासाठी कुठला खंड उघडायचा ते असे. पहिला खंड (१९३०) ग्रंथ आणि ग्रंथकार यांचा : धर्मसूत्रे, स्मृती, टीका, निबंध (विषयवार वचने गोळा केलेले ग्रंथ), त्यांचा काळ, आणि शेवटी ग्रंथांची व लेखकांची लांबलचक यादी. ‘अमुक ग्रंथ कोणाचा, कधीचा’ एवढाच प्रश्न असेल तर हाच पुरे. दुसरा (१९४१) वर्ण, आश्रम, अस्पृश्यता, संस्कार, विवाह, स्त्रियांची स्थिती, सती, आन्हिक, दान, श्रौत यज्ञ यांचा. तिसरा (१९४६) राजधर्म, न्यायव्यवहार आणि सदाचार यांचा, कलिवर्ज्याचे (कलियुगात वर्ज्य ठरवलेल्या आचारांचे) प्रकरणही यातच. चौथा (१९५३) पातके, प्रायश्चित्ते, कर्मविपाक, अंत्येष्टी, आशौच, शुद्धी, श्राद्ध आणि तीर्थयात्रा. तुमचे काम याच एका खंडात भागते. पंढरपूरवरचे लिखाणही इथेच आहे आणि शेवटी तीर्थांची अकारविल्हे यादी आहे. पाचवा (१९५८ आणि १९६२) व्रते, उत्सव, कालगणना, मुहूर्त, शांती, पुराणे, तंत्र, मीमांसा, कर्मसिद्धान्त यांचा. गणेशचतुर्थी, दिवाळी, होळी यांसाठी याचा पहिला भाग घ्यावा. व्रतांची यादी त्यातच मिळते.

शोधण्याची रीत : आधी खंडाच्या शेवटची सूची पाहा, अनुक्रमणिका नंतर. काणे एका विषयावर बोलताना दुसऱ्यावर बरेच काही सांगून जातात, ते अनुक्रमणिकेत सापडत नाही. उदाहरणार्थ, विधवेच्या केशवपनाची चर्चा शोधणाऱ्याने फक्त संस्कारांची प्रकरणे पाहिली तर ती हाती लागेलच असे नाही. मजकूर मिळाला की लगेच तळटीप वाचा. मूळ संस्कृत वचन तिथे देवनागरीत दिलेले असते. वरचा इंग्रजी परिच्छेद हा काण्यांचा निष्कर्ष आणि खालची टीप हा पुरावा. वादाच्या विषयात निष्कर्ष उतरवून घेणारे पुष्कळ भेटतात, टीप उतरवून घेणारे थोडे.

मराठीत यशवंत आबाजी भट यांनी केलेला ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ राज्य साहित्य संस्कृती मंडळाने पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा दोन भागांत काढला. तो सारांशरूप आहे हे मुखपृष्ठावरच म्हटले आहे. विषयाची ओळख करून घ्यायला उत्तम. मात्र प्रबंधात किंवा लेखात संदर्भ द्यायचा असेल तर मूळ इंग्रजी खंडाशी ताडूनच द्यावा.

संदर्भ देताना नेहमी होणारी चूक : ‘काणे, खंड १, पृ. अमुक’ एवढेच लिहिणे. १९३० ची आणि नंतरची आवृत्ती यांचे पृष्ठांक जुळत नाहीत, त्यामुळे वर्ष आणि भाग लिहिलाच पाहिजे. दुसऱ्या आणि पाचव्या खंडात दोन्ही भागांचे पृष्ठांक सलग चालतात. तिथे भाग राहून गेला तरी निभावते, पहिल्यात मात्र वर्ष राहून गेले तर निभावत नाही.

जुन्या ग्रंथाचा काळ ठरवतात कसा? ‘इ.स. १२०० ते १२२५’ इतके नेमके कसे काय सांगता येते? – नांदेड

तुम्ही उल्लेख केलेला काळ काण्यांनी देवण्णभट्टांच्या स्मृतिचंद्रिका या दक्षिणेतल्या निबंधग्रंथाला दिलेला आहे. तेच उदाहरण घेऊ.

पहिली पायरी, ग्रंथकार कोणाकोणाची नावे घेतो ते टिपायचे. स्मृतिचंद्रिकेत विज्ञानेश्वर येतात, अपरार्क येतात. अपरार्क म्हणजे उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य, बाराव्या शतकाचा पूर्वार्ध. म्हणजे ग्रंथ त्याआधीचा असू शकत नाही. ही वरची हद्द.

दुसरी पायरी, त्याचे नाव कोण घेते ते पाहायचे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री स्मृतिचंद्रिकेचा आधार घेतो, आणि त्याच्या चतुर्वर्गचिंतामणीचा काळ काणे १२६० ते १२७० धरतात. ही खालची हद्द.

तिसरी पायरी, दोन्ही बाजूंनी थोडी जागा सोडायची. अपरार्काचा ग्रंथ दक्षिणेत पोचून प्रमाण मानला जायला काही काळ गेला असणार आणि स्मृतिचंद्रिका हेमाद्रीपर्यंत पोचायलाही. उरलेल्या पट्ट्यातून १२००–१२२५ हा आकडा येतो. तो वाचताना ‘सुमारे’ हा शब्द मनात धरावा. काण्यांच्या कालक्रमाच्या तक्त्यातले पंचवीस-पन्नास वर्षांचे पट्टे बहुतेक असेच बसवलेले आहेत.

ग्रंथकाराने स्वतःच समाप्तीचा काळ दिला असेल तर हा खटाटोप वाचतो, पण तिथे वेगळे खड्डे असतात. कमलाकरभट्टांच्या निर्णयसिंधूच्या शेवटी वर्ष शब्दांत दिले आहे : वसु, ऋतु, ऋतु, भू. वसु आठ, ऋतु सहा, पुन्हा सहा, भू एक. असे आकडे उजवीकडून डावीकडे मांडायचे, म्हणजे १६६८. हे विक्रम संवत, आणि वर्ष ‘गत’ म्हटले आहे. महिना माघ, तिथी चतुर्दशी. आता घाईने ५७ वजा केले तर १६११ मिळते आणि ते चूक ठरते. माघ इंग्रजी जानेवारी-फेब्रुवारीत पडतो, तोवर इसवी सन बदललेला असतो. म्हणून इथे ५६ वजा करायचे, उत्तर १६१२.

शकाचेही तसेच. धर्मसिंधूचा काळ शके १७१२. ७८ मिळवले की १७९० येते, पण ते शक वर्ष १७९१ च्या वसंतापर्यंत चालते. महिना माहीत नसेल तर ‘१७९०–९१’ असेच लिहायचे. एकच आकडा लिहून मोकळे होऊ नये.

आणखी कुठे घोटाळा होतो? एक, सारखी नावे. ‘वृद्धमनु’, ‘बृहन्मनु’ म्हणून उद्धृत केलेली वचने आज उपलब्ध असलेल्या मनुस्मृतीत असतीलच असे नाही. दोन, उसने उद्धरण. निबंधकार पुष्कळदा मूळ ग्रंथ न पाहता आधीच्या निबंधातले वचन उचलतो. त्यामुळे एखाद्याने कात्यायनाचे नाव घेतले म्हणून कात्यायनस्मृतीची पोथी त्याच्यासमोर होती असे ठरत नाही. कात्यायनाचा व्यवहारावरचा ग्रंथ तर आज अखंड मिळतच नाही. काण्यांनी टीका-निबंधांतून विखुरलेले नऊशेहून अधिक श्लोक वेचून तो १९३३ मध्ये उभा केला. तीन, प्रक्षेप, म्हणजे मागाहून घुसवलेला मजकूर. काळ दाखवणारे एकुलते एक वचन सगळ्या प्रतींत आहे का, हे आधी पाहावे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचा धर्मकोश हाताशी ठेवला तर एकाच विषयावरची वचने शेजारीशेजारी पाहता येतात आणि उसनवारी लवकर पकडता येते.

चौथा घोटाळा घराण्यांचा. काशीच्या भट्ट घराण्यात कमलाकर आणि नीलकंठ हे चुलतभाऊ, दोघेही नारायणभट्टांचे नातू. घराणे मूळचे पैठणचे. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट हे कमलाकरांचे पुतणे. एकाच घरात दोन-तीन पिढ्या ग्रंथ लिहीत असतील तर कोणी कोणाचे घेतले हे उद्धरणांवरून ठरवणे फार कठीण जाते, कारण हस्तलिखित पुरे होण्याआधीच ते घरात वाचले गेलेले असते. अशा वेळी उद्धरणांच्या हद्दी सैल धराव्यात.

काणे आता जुने झाले असे एका चर्चासत्रात ऐकले. मग वाचायचे कशाला? – छत्रपती संभाजीनगर

काळाच्या बाबतीत ते बरेच मागे पडले आहेत, हे खरे. त्यांच्या तक्त्यात वैदिक वाङ्मयाची सुरुवात इ.स.पू. ४००० पासून धरली आहे. आज बहुतेक अभ्यासक ऋग्वेद इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात ठेवतात. मनुस्मृती काणे इ.स.पू. दुसरे ते इसवी सनाचे दुसरे शतक एवढ्या रुंद पट्ट्यात धरतात. २००५ मध्ये तिची चिकित्सित आवृत्ती काढणारे पॅट्रिक ऑलिव्हेल तिला या पट्ट्याच्या शेवटाकडे, साधारण दुसऱ्या शतकात नेतात. धर्मसूत्रेही ते काण्यांपेक्षा अलीकडे ओढतात. दुसरे म्हणजे १९३० मध्ये लक्ष्मीधराच्या कृत्यकल्पतरूसारखे महत्त्वाचे निबंध छापलेलेही नव्हते. ते १९४१ पासून बडोद्याहून निघू लागले.

जुने होत नाही ते साहित्य. कुठल्याही विषयावर श्रुतीपासून अठराव्या शतकातल्या निबंधांपर्यंतची वचने क्रमाने लावून देणारे दुसरे पुस्तक नाही. आमचे मत विचाराल तर काळासाठी नवे अभ्यासक वाचा आणि वचनांसाठी काणे. उलटे केले की घोटाळा होतो, आणि बहुतेक लोक उलटेच करतात : काण्यांचा काळ छातीठोकपणे सांगतात आणि त्यांनी दिलेले वचन मात्र उघडून पाहत नाहीत.

मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले काणे हेच पहिले संस्कृत पंडित का? – मडगाव

नाही, तिसरे तरी म्हणावे लागतील. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ मध्ये कुलगुरू झाले. त्या विद्यापीठाचे ते पहिले भारतीय कुलगुरू. भगवद्गीतेचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८८२ चे. त्यांच्यामागून रामकृष्ण गोपाळ भांडारकर, १८९३ ते १८९५.

तुम्ही गोव्याहून लिहिता म्हणून सांगतो, भांडारकर तुमच्या शेजारच्या मालवणचे, जन्म १८३७ चा. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांच्या पिढीतले. एल्फिन्स्टन कॉलेजात आणि मग डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. निवृत्त झाले १८९३ मध्ये आणि त्याच वर्षी कुलगुरू. धर्मेतिहासातला त्यांचा मुख्य ग्रंथ वैष्णव, शैव आणि गौण संप्रदायांवरचा. तो १९१३ मध्ये स्ट्रासबुर्गहून एका जर्मन ग्रंथमालेत निघाला, तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तरच्या पुढे होते. प्रार्थना समाजाच्या आधारस्तंभांपैकी एक असलेला माणूस विठ्ठलभक्तीचा इतिहास शिलालेख आणि पतंजलीच्या महाभाष्यातली वाक्ये लावून लिहितो, हे त्या ग्रंथाचे वेगळेपण. भांडारकरांचे पुस्तक छोटे आणि युक्तिवादाचे आहे, काण्यांचे मोठे आणि संग्रहाचे. नवख्याने भांडारकरांपासून सुरुवात करावी. दोनशे पानांच्या आत धर्माचा इतिहास लिहिण्याची पद्धत कळते.

काण्यांच्या दोन वर्षांतली मोठी घडामोड म्हणजे मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र आटू लागले. पुणे विद्यापीठाचा कायदा १९४८ मध्ये झाला आणि १० फेब्रुवारी १९४९ पासून ते अस्तित्वात आले, मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. त्याच सुमारास गुजरात आणि कर्नाटक इथेही नवी विद्यापीठे झाली. सिंधपासून धारवाडपर्यंत एकेकाळी पसरलेले विद्यापीठ शहराच्या आसपास येण्याची ही सुरुवात होती.

मी एम.ए.ला आहे. धर्मेतिहासात संशोधन करून विद्यापीठात शिकवायचे आहे. संस्कृत घ्यावे, इतिहास घ्यावा की भारतविद्या (इंडॉलॉजी)? – सांगली

आधी हे पाहा की जागा कुठल्या विषयाच्या निघतात. जाहिरातीत ‘संबंधित विषयात’ किमान ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी मागतात. महाविद्यालयांत संस्कृत आणि इतिहास यांच्या जागा निघतात, ‘धर्मेतिहास’ नावाची जागा जवळजवळ नसते. भारतविद्येची एम.ए. अभ्यासासाठी छान आहे, पण मुलाखतीआधीच्या छाननीत ‘विषय जुळत नाही’ म्हणून अर्ज बाजूला पडण्याचा धोका आहे. म्हणून पदवी संस्कृत, पाली, प्राकृत किंवा इतिहासाची असावी आणि भारतविद्या जोडीला पदविका म्हणून करावी.

पुढचा क्रम असा. सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट. सेट पुणे विद्यापीठ घेते, महाराष्ट्र आणि गोवा या दोन्हींसाठी. नेटमध्ये कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,०००. पीएच.डी.ला २०२२ च्या नियमांप्रमाणे कमीत कमी तीन आणि साधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षे, शिवाय किमान १२ श्रेयांकांचे प्रारंभिक अभ्यासक्रम. सहयोगी प्राध्यापकपदाला पीएच.डी., आठ वर्षांचा अनुभव आणि सात शोधनिबंध. प्राध्यापकपदाला दहा वर्षे आणि दहा निबंध.

गाडी अडते ती परीक्षेत नव्हे, भाषेत. इतिहासाचा विद्यार्थी भाषांतरांवर विसंबून विषय नोंदवतो आणि दुसऱ्या वर्षी कळते की लागणारा निबंध भाषांतरित झालेलाच नाही. संस्कृतचा विद्यार्थी उलट बाजूने अडतो : श्लोक लागतो, पण ताम्रपट, दानपत्रे, महसुली कागद वाचता येत नाहीत, म्हणून ग्रंथात लिहिले तसेच घडले असे धरून चालतो. विषय नोंदवण्याआधी आपल्या मुख्य ग्रंथाची पंचवीस पाने कोशाच्या मदतीने स्वतः लावून पाहा. महिन्याभरात लागली तर विषय घ्या, नाही तर बदला. मराठेकालीन विषय असेल तर मोडी आधी शिका. शक्य झाल्यास जर्मन वाचता येण्याइतपत शिका, कारण या क्षेत्रातला एकोणिसाव्या शतकातला बराच पाया त्या भाषेत आहे.

आजच्या नियमांत काणे कुलगुरू झाले असते का? – पुणे

नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत कुलगुरूसाठी विद्यापीठातला प्राध्यापक म्हणून किमान दहा वर्षांचा, किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेतला तितकाच अनुभव लागतो. शोध समिती तीन ते पाच नावांची यादी देते आणि त्यातून कुलपती नेमणूक करतात. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने मुदत पाच वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे, जे आधी होईल ते. काण्यांची विधी महाविद्यालयातली प्राध्यापकी सहा वर्षांची आणि १९४७ मध्ये वय ६७. दोन्ही अटींवर अर्ज बाद. तेलंग तर न्यायाधीशपदावर असताना कुलगुरू होते, त्यांचाही गेला असता. भांडारकरांचा चालला असता : दोन दशकांहून अधिक अध्यापन, वय ५६.

तेव्हा हे पद पूर्णवेळ नोकरीचे नव्हते, म्हणून तुलना पूर्ण न्याय्य नाही. आज कुलगुरूला संलग्न महाविद्यालये, परीक्षा, निकाल, न्यायालयीन प्रकरणे आणि भरती यांत दिवस घालवावा लागतो. ज्याला दहा वर्षांचे लेखन हातात आहे त्याने हे पद मागण्यापूर्वी हस्तलिखित मुद्रकाकडे पोचवलेले बरे.

पोथी पूर्ण आहे की अर्धवट, हे पहिल्या भेटीत कसे ओळखावे? सूचीत ‘ग्रंथ ९००’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ काय? – वाई

ग्रंथ म्हणजे बत्तीस अक्षरांचे एकक, मग मजकूर गद्य असो वा पद्य. लेखकूला मजुरी याच मापाने मिळे, म्हणून पोथीच्या शेवटी ही संख्या सापडते.

पडताळा असा घ्यायचा. पोथीची पत्रे (सुटी पाने) मोजा, दोनने गुणा (पत्राच्या दोन बाजू), बाजूवरच्या ओळींनी गुणा, ओळीतल्या अक्षरांनी गुणा आणि ३२ ने भागा. ४० पत्रे, बाजूला १० ओळी, ओळीत ३६ अक्षरे : २८,८०० अक्षरे, भागिले ३२, म्हणजे ९००. ओळी आणि अक्षरे एकाच पत्रावर मोजू नका. सुरुवात, मध्य आणि शेवट असे निदान पाच ठिकाणी मोजून सरासरी घ्या, कारण कागद संपत आला की लेखकू अक्षर बारीक करतो. पहिल्या पत्राची वरची बाजू बहुधा कोरी असते, ती वजा करा. उत्तर नोंदीपेक्षा दहावा हिस्सा कमी-जास्त आले तरी चालेल. निम्मे आले तर पोथी तुटलेली आहे, किंवा शेवटचे पत्र दुसऱ्याच पोथीचे त्यात आले आहे.

दुसरी खूण पत्रांक. तो डाव्या-उजव्या समासात असतो आणि सोबत ग्रंथनामाची एक-दोन अक्षरे. ती अक्षरे मध्येच बदलली तर दोन पोथ्या एकत्र बांधल्या गेल्या आहेत. पुष्पिका (पोथीच्या शेवटचा समाप्तीचा मजकूर) सर्वांत शेवटी वाचा आणि तिच्यातला काळ ग्रंथाचा की प्रतीचा, हे वाक्यावरून ठरवा : ‘समापितः’ असेल तर बहुधा ग्रंथकाराचा, ‘लिखितम्’ असेल तर नकल करणाऱ्याचा. या एका ठिकाणी चूक झाली की ग्रंथ दोनशे वर्षे अलीकडे येतो. जुन्या सूच्यांत अशा नोंदी आजही आहेत. भांडारकर संस्थेतल्या अठ्ठावीस हजारांहून अधिक पोथ्यांपैकी एखादी पाहायची असेल तर सूचीतला क्रमांक आणि संग्रहाचे वर्ष दोन्ही लिहून न्या. तिथला क्रमांक वर्षाशिवाय अपुरा असतो.